नाक्याची वही ग्राह्य धरा : बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ

विषय : नाका कामगारांचा ९० दिवसांच्या कामाचा दाखला

महोदय,

मुंबईत ज्याला नाका म्हणतात, पुण्यात मजूर अड्डा आणि नागपुरात ठिय्या, तिथे रोजंदारीचे मजूर काम मिळवायला उभे राहतात. हा सगळा व्यवहार सकाळी साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत उरकतो. दहानंतर जो उभा राहतो तो कमी रोजावर जायला तयार असतो, किंवा घरी परततो. कचेरीच्या वेळेत, म्हणजे साडेदहा-अकराला, नाका पाहायला आलेल्या माणसाला चहाचे रिकामे कप तेवढे दिसतात. हे पत्र त्या दोन तासांबद्दल आहे, आणि त्या वेळात नाक्यावर ठेवता येईल अशा कामाच्या नोंदवहीबद्दल.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने मंडळाचा लाभार्थी होण्यासाठी दोनच ठळक अटी घातल्या : वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हा ९० चा आकडा तसाच उतरला आहे. अट वाजवी आहे, आमची तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पुराव्याचा आहे. हे ९० दिवस भरले हे कोणी सांगायचे?

एका बिल्डरच्या साइटवर वर्षभर टिकून राहणाऱ्या कामगाराला उत्तर सोपे आहे. नाक्यावरच्या कामगाराला ते सोपे नाही. न्हाणीघराची लादी दोन दिवस, गच्चीचे वॉटरप्रूफिंग तीन दिवस, भिंत पाडून राबिट (पाडकामाचा मलबा) उचलणे एक दिवस, सोसायटीच्या कंपाउंडला प्लास्टर चार दिवस. कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती, देखभाल आणि पाडकामही येते, म्हणजे हे सगळे बांधकामच आहे. एका कामाचे सरासरी अडीच दिवस धरले तर ९० दिवस म्हणजे ३६ मालक. यातले निम्मे फ्लॅटवाले, ज्यांना आपण 'मालक' आहोत हेच ठाऊक नसते. उरलेले पेटी, म्हणजे हाताखालचे छोटे कंत्राटदार, ज्यांची स्वतःची कुठेच नोंदणी नसते. ज्या मोठ्या कंत्राटदाराची असते, तो सही करायला कचरतो. त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे. 'हा माणूस माझ्याकडे ९० दिवस होता' असे लेखी दिले की भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, किमान वेतन हे सगळे त्या कागदावरून त्याच्या अंगावर येऊ शकते. पालिकेच्या अधिकाऱ्याकडे जावे, तर त्याने या माणसाला आयुष्यात एकदाही पाहिलेले नसते, आणि ज्याला पाहिले नाही त्याच्यासाठी सही करायला तोही धजत नाही.

मग दाखल्याचा बाजार तयार होतो. जो खरोखर ओळखतो त्याची सही चालत नाही आणि ज्याची सही चालते तो ओळखत नाही, या फटीतच एजंट बसतो. खोट्या नोंदी उघड झाल्या की तपासणी कडक होते, कागद एकाचे तीन होतात. एजंटाला तीन कागद जमवता येतात, बिगाऱ्याला येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक कडक मोहिमेनंतर खरा कामगार गळतो आणि बोगस टिकतो. दिवसाची मजुरी आठशे रुपये धरली, तर तालुक्याच्या केंद्रावर तीन खेपा म्हणजे २,४०० रुपयांच्या हजेऱ्या बुडाल्या, प्रवासाचा खर्च वेगळाच. एजंट त्याहून थोडे कमी मागतो. त्याचा धंदा या हिशेबावर चालतो.

आता नाक्याला काय ठाऊक असते ते पाहा.

शहरातला बांधकाम मजूर सहसा एकटा नसतो. तो एका खोलीत असतो. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावचे, बहुतेकदा एका भावकीचे सहा-आठ जण. भाडे आणि किराणा माणशी वाटून घेतात. नवीन आलेल्या पोराकडून पहिली मजुरी हातात पडेपर्यंत काही घ्यायचे नाही, तोवर त्याने स्वयंपाक करायचा, असा अलिखित नियम बऱ्याच खोल्यांत दिसतो. आजारपणात सोबत, गावी पैसे पोहोचवणे, मयतीला वर्गणी हे सगळे खोली करते. पण काम मिळवून देण्यात खोली कमी पडते, कारण खोलीतल्या आठही जणांना त्याच चार जागा माहीत असतात. नवे काम येते ते दूरच्या ओळखीतून. मागच्या साइटवर भेटलेला परजिल्ह्यातला लादीवाला, हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा, रेती-सिमेंटचा टेम्पोवाला आणि सगळ्यात महत्त्वाचा सोसायटीचा वॉचमन. कोणता फ्लॅट विकला गेला, कोणाच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर गळती आहे, कोणी पीओपीची चौकशी केली, हे वॉचमनला आधी कळते. वॉचमनशी बरे संबंध असलेल्या मिस्त्रीच्या जोडीला खाडा कमी पडतो.

नाक्यावर उभे राहण्याची जागाही ठरलेली असते. सेंट्रिंगवाले एका बाजूला, रंगारी दुसऱ्या, छन्नी-हातोडा घेऊन तोडफोडवाले रस्त्याच्या कडेला, कारण त्यांना टेम्पोत आधी चढायचे असते. हातातले हत्यार हीच पाटी : थापी-ओळंबा म्हणजे गवंडी, ब्रश म्हणजे रंगारी, फावडे-घमेले म्हणजे बिगारी. त्यातही भाषा आणि जिल्ह्याप्रमाणे कोपरे पडतात. जालना-परभणीचे वेगळे, कलबुर्गी-विजयपूरकडचे वेगळे, उत्तर प्रदेश-बिहारचे वेगळे. मिस्त्री आपला बिगारी आपण निवडतो. त्यामुळे बिगाऱ्याचे ९० दिवस मिस्त्रीच्या डोक्यात असतात. कोण कधी गावी गेला, कोणाचा हात मोडला, कोणत्या कंत्राटदाराने आठवड्याची मजुरी बुडवली, हे नाक्यावरच्या कोणालाही विचारा. एखाद्या कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीत कोणी चढत नाही. ही नोंद कुठेही लिहिलेली नसते आणि तरी ती चुकत नाही.

लिहिलेली एक नोंद असते ती मुकादमाच्या डायरीत. तीत हजेऱ्या असतात, पण त्याच पानावर उचल, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेले पैसेही असतात, म्हणून तो पान कधी दाखवत नाही. पुरावा म्हणून डायरी मागायची कल्पना कोणाच्या मनात असेल तर ती सोडून द्यावी. मुकादमाच्या सहीला किंमत आली की उचलीच्या व्याजात दाखल्याचीही भर पडेल.

यूपीआयचा इतिहास पुरावा म्हणून घ्या, असेही अलीकडे सुचवले जाते. घ्यावा, पण त्याची मर्यादा ओळखून. मालक पैसे पाठवतो ते मिस्त्रीच्या फोनवर. मिस्त्री बिगाऱ्याला रोख देतो. म्हणजे मिस्त्रीच्या खात्यात दुप्पट दिवस दिसतात आणि बिगाऱ्याच्या खात्यात एकही नाही. बाईचे तर दोनदा पुसले जाते. नवरा-बायको जोडीने कामावर जातात तेव्हा 'जोडीची हजेरी' नवऱ्याच्या नावावर मांडली जाते. घमेली तिने वाहिलेली असतात, दिवस त्याचे भरतात. नोंदणीत बायका कमी का, याचे एक मोठे कारण इथे आहे.

मजुरांची स्वतःची जुळणी कायद्याने मान्य करणे या राज्याला नवे नाही. १९६९ चा माथाडी कायदा हेच करतो. माथाडी हमालांची टोळी कायद्याने जन्माला घातली नव्हती, ती बंदरात आणि धान्यबाजारात आधीपासून होतीच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या त्या कायद्याने टोळीला नोंद दिली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली आणि वर मालकांवर लेव्ही (मजुरीवर ठरावीक टक्के वसुली) लावून सुट्टी, बोनस, निधीचा खर्च भागवला. मालक रोज बदलला तरी मजुराची ओळख टिकली. नाक्याला माथाडीचा साचा जसाच्या तसा बसणार नाही, हे आम्हालाही कळते. टोळी स्थिर असते, नाक्यावरची जोडी आठवड्याला बदलते. शिवाय बोगस माथाडींच्या तक्रारी सर्वांना ठाऊक आहेत. यादीवर कायमचा ताबा मिळाला की नावे विकली जातात, एवढा धडा त्यातून घ्यावा.

त्याहून जुने उदाहरण गिरण्यांचे आहे. गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहणारा बदली कामगार आणि त्याला आत घेणारा जॉबर हे नाते नाका आणि मुकादमासारखेच होते. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेनेच बदली कार्ड आणले, त्यात जॉबरची मनमानी कमी करण्याचाही हेतू होता. मालकांनी हे कामगारांच्या प्रेमापोटी केले नव्हते. पण दारात कोण रोज उभा राहतो हे कागदावर आले की मधल्या माणसाचा जोर थोडा उतरतो, हे त्यांनी ओळखले होते.

आमची मागणी अशी : नाक्यावर वही ठेवा, आणि तिच्यातल्या नोंदींवरून दिलेला दाखला ९० दिवसांसाठी ग्राह्य धरा.

वही मंडळाची असावी. पाने आधीच क्रमांकित आणि शिक्का मारलेली, कार्बनची दुसरी प्रत, एका पानावर ४० ओळी. रकाने सातच : तारीख, नाव, काम, जागा, नेणाऱ्याचा फोन, ठरलेला रोज, आणि मजुरी मिळाली का. शेवटचा रकाना त्याच दिवशी भरता येत नाही, कारण संध्याकाळी कोणी नाक्यावर परत येत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा, 'काल मिळाली का?' एवढे विचारून. या एका रकान्यामुळे बुडवणाऱ्या कंत्राटदारांची यादी आपोआप तयार होईल. मजुरीच्या दाव्यात आज कामगाराकडे तारीख नसते, जागा नसते, नाव तर 'शेठ' एवढेच असते.

दीडशे माणसांच्या नाक्यावर बऱ्या दिवशी ८० जणांना काम लागते असे धरू. एका नोंदीला २० सेकंद लागले तरी ८० नोंदी २७ मिनिटांत होतात. दोन लिहिणारे असतील तर गर्दीतही निभते. हे दोघे नाक्यावरचेच, लिहिता येणारे असावेत आणि त्यांना रोजची अर्धी हजेरी मंडळाने द्यावी, कारण लिहिण्याच्या नादात त्यांचे काम हुकू शकते. ४०० रुपयांप्रमाणे दोघांचे २६ दिवसांचे २०,८०० रुपये महिना. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून मंडळाकडे येणाऱ्या रकमेपुढे हा आकडा मांडून पाहावा. उपकराचा पैसा कामगारापर्यंत पोहोचत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात राज्यांना आणि मंडळांना खडसावले होतेच.

नाक्यावर वही कोण नीट ठेवणार, अशी शंका येईल. वस्त्यांतली भिशी पाहावी. बारा बायका, महिन्याला हजार, दर महिन्याला एकीला बारा हजार. खतावणी एका साध्या वहीत, पण ती वही बाराजणी तपासतात, म्हणून त्यात खाडाखोड चालत नाही. नाक्यावरच्या वहीलाही हाच नियम लावायचा. महिन्यातून एकदा नावे आणि भरलेले दिवस मोठ्याने वाचून दाखवायचे. अनेक ठिकाणी अमावस्येला बांधकाम बंद असते, तो दिवस यासाठी सोयीचा. जो कधी नाक्यावर दिसलाच नाही त्याचे नाव वाचले गेले, तर दहा जण तिथल्या तिथे बोलतील. संगणकावरच्या तीन कागदांपेक्षा ही तपासणी कडक असते.

दाखल्यावर पाच साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. पाचांत किमान तीन वेगवेगळ्या कामांचे लोक, किमान दोन बायका, एका जिल्ह्याचे दोनांहून जास्त नकोत. मुकादम, कंत्राटदार, नोंदणी करून देणारा एजंट यांना बंदी, आणि दर सहा महिन्यांनी पाचही बदलायचे. ९० दिवस भरले की मंडळाच्या निरीक्षकाने नाक्यावरच, सकाळी, सह्या समोर करून घ्यायच्या. महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात. वीस नोंदींत एक निवडून नेणाऱ्याच्या नंबरवर फोन करावा. एकच माणूस एका दिवशी दोन नाक्यांच्या वह्यांत दिसला तर दोन्ही नोंदी रद्द. जोडीने गेलेल्या नवरा-बायकोची नोंद दोन ओळींत, दोन नावांनी व्हावी, याला अपवाद नको.

नाका म्हणजे काही पंढरीची वारी नाही, हेही सांगायला हवे. इथली ओळख जशी सांभाळते तशी बाहेरही ठेवते. एकटी बाई, नुकता आलेला पोरगा, वेगळी भाषा बोलणारा, ज्याची जात कोपऱ्याला चालत नाही तो, यांना उभे राहायला जागा मिळायला आठवडे जातात. म्हणून साक्षीदार निवडण्याचा वरचा नियम लोकांना किचकट वाटला तरी सैल करू नये. आणखी एक सुचवतो : ज्यांना काम मिळाले नाही त्यांचीही नोंद शेवटी 'उभा' म्हणून करावी. ९० दिवसांत ती धरायची नाही. पण कोण सतत 'उभा' राहतो हे वर्षभराने पाहिले, तर नाका कोणाला बाहेर ठेवतो ते कळेल. आणि कोणत्या महिन्यात किती माणसे रिकामी परततात हा आकडा कोणत्याच मोबाइल ॲपमधून मिळणार नाही.

दाखला मिळाल्यानंतरही काही ठिकाणी गाडी अडते. मोबाइलचे रिचार्ज संपले की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. आधारला नवा नंबर जोडण्याची सोय नोंदणीच्या ठिकाणीच हवी, नाहीतर कामगाराचा आणखी एक दिवस जातो. आधारवर 'पांडूरंग' आणि पासबुकावर 'पांडुरंग' असे असले की पैसे लटकतात, तेव्हा अर्ज घेतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. पत्ता गावचा असला तर अर्ज गावच्या तालुक्याकडे ढकलू नये. नूतनीकरणाची मुदत जून ते सप्टेंबरात येऊ देऊ नये. पावसात कामे मंदावतात, बरेच जण पेरणीला गावी असतात, आणि नेमकी तेव्हाच नोंद निष्क्रिय होते. तिची किंमत अपघातात कळते. मंडळाच्या योजनेत कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये आहेत, पण नोंद जिवंत असेल तरच. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत मंडळाने खात्यात २,००० रुपये टाकले, तेही नोंद चालू असलेल्यांच्याच. बाकीच्यांना त्या महिन्यात खोलीने आणि किराणावाल्याच्या उधारीने जगवले.

स्वयंघोषणेवर नोंदणी हाही एक मार्ग आहे. असंघटित कामगाराला संहितेने तो दिलेलाच आहे, असंघटित कामगारांच्या नोंदणीचे केंद्राचे ई-श्रम पोर्टलही त्यावरच चालते. बांधकाम कामगारालाच तेवढा अविश्वास का, असा प्रश्न विचारता येईल. पण आमचा आग्रह वहीवर आहे, कारण स्वयंघोषणेने फक्त नोंदणी होईल. वहीतून मजुरीचा पुरावाही उभा राहतो आणि बायकांचे दिवस वेगळे दिसतात.

सगळ्या राज्यात एकदम करू नये. तीन नाके निवडावेत : एक मुंबई महानगरातला, एक पुण्यातला आणि एक नागपुरातला ठिय्या. ऑक्टोबरला सुरुवात, मेअखेर हिशेब. आठ महिन्यांत नियमित कामगाराचे ९० दिवस आरामात भरतात आणि पावसाळा मध्ये येत नाही. वही लिहिण्याच्या पहिल्या आठवड्यात लोक फोन नंबर द्यायला घाबरतील, नेणारे तर जास्तच. फ्लॅटवाला म्हणेल, 'माझे नाव कशाला?' त्याला सांगावे की नंबर फक्त पडताळणीसाठी आहे, कर किंवा भरपाईची जबाबदारी या नोंदीवरून त्याच्यावर येणार नाही. तसा स्पष्ट आदेश मंडळाने आधी काढावा आणि त्याचा मोठ्या अक्षरांतला मराठी, हिंदी आणि कन्नड कागद नाक्यावर लावावा. तो आदेश निघाला नाही तर वही दुसऱ्याच आठवड्यात बंद पडेल. मोठ्या कंत्राटदाराला मात्र ही सूट नको.

निरीक्षकांना बसायला जागा लागेल. चहाच्या टपरीवाल्यांशी बोलणे झाले आहे, बाकडे मिळेल. पेन नाक्यावर आहेत, शिक्क्याची वही तेवढी आणावी. आणि साडेसातला यावे.

कळावे,
नाक्यांवर नोंदणीचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते